लिबोरियोला कोण विचारणार

ऐ-मेआ, ९ जून २००३

माझ्या नोईला,

तुझ्या अवोचे, या म्हाताऱ्या आजीचे, दोन्ही गालांवरचे मुके आधी घे, मग पुढे वाच. आज मी फार खुशीत आहे, त्यामुळे पत्र लांबणार. जेवायच्या सुट्टीत वाच, म्हणजे तुझा साहेब रागावायचा नाही.

आधी घरचं. करड्या शेळीला दोन पिल्लं झाली. एकाच्या गळ्याशी पांढरा पट्टा आहे, अगदी पाद्रीबाबांसारखा. शेजारची बेंविंदा म्हणते त्याला कापता येणार नाही, पाप लागेल. मी म्हटलं, तू खायला बसशील तेव्हा पाप आठवून बघ. मका बरा आहे, भोपळ्याचा वेल यंदा रुसलाय. गुडघा आहे तसाच आहे. त्याची चौकशी करू नकोस, केली की जास्त दुखतो.

आता खुशीचं सांगते. लिबोरियो परत आला. सीमेपलीकडच्या छावणीतून, बायकोमुलांना घेऊन. ट्रकमधून उतरला तेव्हा मी ओळखलंच नाही, डोक्यावरचे केस गेलेत आणि पाठ वाकलीय. तुझ्या बाबाच्याच वयाचा ना तो? माझा लेक अबिलियो असता तर असाच वाकला असता का, असं माझ्या मनात आलं. दोघांनी मिळून एक कोंबडा पाळला होता झुंजीसाठी, आठवतो तुला? तू लहान होतीस. कोंबडा जिंकला की दोघांचा, हरला की लिबोरियोचा. त्यावरून रोजची भांडणं.

कुणी त्याच्याशी बोललं नाही. बायका पाण्याची भांडी घेऊन वाट बदलून गेल्या. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "अवो, दारातून आत येऊ का?"

मी म्हटलं, "दार कुठे राहिलंय? तुम्हीच जाळलंत ना. ये."

बसला. मग म्हणाला, "सगळ्या गावासमोर बसून मिटवायला मी चटई पसरायची मागणी केलीय. सलोखा आयोगाची माणसं येणार आहेत. घरं जाळली ते सांगणार आहे. आणि अवो, अबिलियो कुठे आहे ते मला माहीत आहे."

नोई, मला काय झालं ते मला लिहिता येत नाही. चार वर्षांपूर्वी स्वातंत्र्याच्या मतदानाच्या दिवशी लोकांच्या बोटांना शाई लावायला बसला, एवढाच तुझ्या बाबाचा गुन्हा. लिबोरियोच्या टोळीवाल्यांनी चौकीवर बोलावलं, तर "आलोच" म्हणून पायात चपला घालून निघाला. तेव्हापासून मी काळं नेसते आहे, पण ते मोजणीत नाही. माती दिल्याशिवाय काळ्याचं वर्ष सुरूच होत नाही. बाकीच्या बायकांची वर्षं सुरू झाली, संपली, त्या पुन्हा रंगीत लुंग्या नेसायला लागल्या. माझं अजून सुरू व्हायचंय.

त्याने थैलीतून पान-सुपारी काढली आणि पुढे केली. मी घेतली. हात पुढे नेला तो खुशीने, मी नाही नेला. कोवळं पान होतं, चुना जरा जास्त.

आता तुझ्या बाबाला तुझ्या आईशेजारी जागा करायची. मी खुणेला दगड ठेवलेसुद्धा.

तुझी अवो

डिली, १७ जून २००३

अवो,

तुझ्या हाताला ओठ लावते.

पत्र जेवायच्या सुट्टीतच वाचलं, मग जेवले नाही. रागावू नकोस, पण तू त्याचं पान का घेतलंस? मी तिथे असते तर थैलीसकट अंगणाबाहेर फेकलं असतं.

मी दिवसभर इथे काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. सरकारी वकिलांच्या कचेरीत दुभाषी म्हणजे तुला वाटतं मी खुर्चीत बसून इंग्रजी बोलते. तसंच आहे. पण समोरचा माणूस "मी" म्हणाला की मलाही "मी" म्हणावं लागतं, नियम आहे. एखादी बाई सांगते, "माझ्या मुलाला त्यांनी ओढत नेलं," की मी साहेबाला सांगते, "माझ्या मुलाला त्यांनी ओढत नेलं." सकाळी मी कुणाची तरी आई असते, दुपारी कुणाची तरी विधवा. कधी कधी ज्याने ओढत नेलं तोही असते. खोलीवर परत येते तेव्हा आरशासमोर जावंसं वाटत नाही.

ज्यांनी हुकूम दिले ते सीमेपलीकडे मजेत आहेत. आमच्या कागदांवर त्यांची नावं आहेत, पण ते येत नाहीत आणि त्यांना आणायला कुणी जात नाही. सापडतात ते लिबोरियोसारखे. म्हणून मी त्यांना सोडून द्यायचं का? मला वाटत नाही तसं.

आता कायदा ऐक, आणि हे चटई पसरणाऱ्या लेकीमाऊ आजोबांनाही सांग. चटईवर बसून मिटवता येतं ते जाळपोळीचं, चोरीचं, मारहाणीचं. खुनाचं मिटवता येत नाही. खून निघाला की चटईवरचं बोलणं थांबतं आणि माणूस आमच्याकडे येतो, तुरुंगाच्या वाटेवर. हाडं सापडली तर त्यांना कुणी हात लावायचा नाही. परदेशातला डॉक्टर येईपर्यंत तशीच ठेवायची. मग ती खोक्यात डिलीला येतात. ती खोली मी बघितलीय. खोकी एकावर एक ठेवलेली आहेत, आणि डॉक्टर एकच.

तो आणखी काय बोलला ते मला लिही. शब्दन् शब्द.

ओलांडिना

ऐ-मेआ, २ जुलै २००३

नोई,

ओलांडिना अशी सही केलीस म्हणजे रागावलीस. माझी नोई कुठे गेली? बरं, रागाव, पण जेवत जा. मी डिलीला येणाऱ्या बिसच्या ड्रायव्हरबरोबर सुकवलेलं म्हशीचं मांस पाठवलंय. तो निम्मं खाईल, म्हणून दुप्पट पाठवलंय.

तर इकडे जो गोंधळ झाला तो ऐक. चटईचा दिवस ठरवायला लेकीमाऊ म्हातारा घरोघर फिरत होता. रीत त्यालाच ठाऊक, शब्द त्यालाच ठाऊक, म्हणून मिजासही त्याचीच. माझ्याकडे आला, कॉफी प्याला, साखर मागितली, आणखी साखर मागितली. मग म्हणाला, "एटेल्विना, चटईवर तू कुठल्या बाजूला बसणार ते बघून ठेव. लिबोरियोला प्रश्न विचारायचा तो तूच."

मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? तो आपणहून सांगणार आहे. पान घेताना बोललाय माझ्याशी."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "कुणाचं पान?"

"त्याचं."

"खाल्लंस?"

"मग काय कानाला लावू?"

त्याने कपाळाला हात लावला. मला म्हणतो, "साठ-सत्तर पावसाळे डोक्यावरून गेले आणि डोकं कोरडंच राहिलं तुझं." सांग आता. ही बोलायची पद्धत आहे का? पण मग मलाही आठवलं. आपल्या गावची रीत तुलाही ठाऊक आहे. वैऱ्याचं पान चटईच्या आधी चावलं की तुझ्यापुरतं मिटलं. मग चटईवर तुला तोंड नाही. आणि मेलेल्याबद्दल कुणी आपणहून बोलायचं नसतं, हक्काच्या माणसाने विचारल्याशिवाय त्याच्या मरणाची गोष्ट काढायची नाही, काढली तर मेलेला बेचैन होतो. म्हणजे लिबोरियो न विचारता सांगणार नाही आणि मला विचारता येणार नाही.

मी म्हटलं, "मी थुंकले होते रे नंतर." तो म्हणाला, "सगळेच थुंकतात."

मग कोण विचारणार? लेकीमाऊ म्हणतो, अबिलियोच्या रक्ताचं, ज्याच्या तोंडात ते पान गेलं नाही असं माणूस. तुझा काका लिस्बनला जाऊन बसलाय, त्याचं पत्रही येत नाही. राहिलं कोण, तूच.

शब्दन् शब्द लिही म्हणालीस. तो फार काही बोलला नाही गं. पान देताना "त्या दिवशी मी" एवढं म्हणाला, मी म्हटलं आधी पान चाव, मग बघू. मग तो घरी गेला.

नोई, रजा मिळेल ना? चटई ऑगस्टच्या शेवटी पसरणार आहेत, मका काढून झाल्यावर.

तुझी अवो

डिली, १४ जुलै २००३

अवो,

मांस मिळालं. ड्रायव्हरने निम्म्याहून जास्त खाल्लं.

"त्या दिवशी मी." तू त्याला पुढे बोलू दिलं नाहीस. का ते मला समजलं, आणि ते समजल्यापासून मला झोप नाही. तुला ऐकायचं नव्हतं. तुला फक्त बाबा हवा आहे, बाकी काही नको. मी तुला दोष देत नाही. मला मात्र दोन्ही हवं आहे.

आता माझी अडचण तुला सांगते, सावकाश वाच. गावात विचारू शकणारं माणूस मी एकटी. आणि गावात जे ऐकेन ते कळवायला बांधलेलं माणूसही मी एकटीच. मी शपथ घेतलीय. मी "कुणी मारलं" असं विचारलं आणि तो "मी" म्हणाला, तर मला ते माझ्या साहेबाला सांगावं लागेल. लाज वाटते म्हणून नव्हे, नोकरी जाईल म्हणूनही नव्हे. मी त्या कामावर विश्वास ठेवून इतकी वर्षं बसले आहे. कुणाच्या तरी मुलीने गप्प बसावं म्हणून आम्ही लोकांकडून शपथा घेत नाही.

आणि मी सांगितलं की बाबा जिथे असेल तिथे दोरी बांधतील. डॉक्टर येईल तेव्हा येईल. मग खोकं. कचेरी पुढच्या वर्षापर्यंत चालेल असं म्हणतात, त्यानंतर त्या खोक्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. मी विचारलं. सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

म्हणजे न्याय मागितला तर तुला माती देता येणार नाही, आणि माती द्यायची तर मी विचारायचं नाही. तू म्हणशील, मग नको विचारू. अवो, रोज दुसऱ्यांचे बाप गेले ते "माझे" म्हणून सांगते मी. माझा स्वतःचा कसा गेला ते विचारायचं नाही?

मी येणार नाही. लेकीमाऊ आजोबांना दुसरी काही रीत शोधायला सांग.

ओलांडिना

ऐ-मेआ, ३ ऑगस्ट २००३

नोई,

लेकीमाऊने दुसरी रीत शोधली नाही. म्हणाला, रीत काय भाजी आहे, एक नाही मिळाली तर दुसरी?

मी तुला ये म्हणत नाही. नको येऊस म्हणतही नाही. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. कायद्याचं मला सगळं समजलं नाही, पण तू दमली आहेस ते समजलं. लहानपणी तू दमलीस की ओरडायचीस, आणि मग जिथे असशील तिथेच झोपायचीस, एकदा तर चर्चच्या पायरीवर. आता तुला कुणी उचलून घरी नेत नाही ना, म्हणून अशी पत्रं लिहितेस.

तू म्हणतेस मला ऐकायचं नव्हतं. खरं आहे. लिबोरियो रोज माझ्या अंगणावरून पाण्याला जातो. त्याच्या धाकट्या मुलीला माझ्या शेळीच्या पिल्लाचा नाद लागलाय, पाद्रीबाबांनाच उचलून नेते ती. मी त्याचे शब्द ऐकले असते तर मला त्या पोरीलाही हाकलावं लागलं असतं. नोई, हाकलायलाही ताकद लागते. माझ्यात पाणी आणण्यापुरती उरलीय.

पण तुझं तसं नाही, हेही खरं. तुझा बाप आहे तो. मला मुलगा आणखी एक आहे, लिस्बनला का असेना.

खुणेचे दगड मी उचलून ठेवलेत. उगाच डोळ्यांना दिसतात.

अवो

डिली, १९ ऑगस्ट २००३

अवो,

शुक्रवारच्या बिसने येते. रविवारी परत निघावं लागेल. माझ्यासाठी कोंबडी मारू नकोस, मी काही पाहुणी नाही.

काय विचारणार ते मला विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

नोई

ऐ-मेआ, ११ सप्टेंबर २००३

माझ्या नोईला,

अवोचे मुके, एक कपाळावरचाही. तू गेल्यावर काय काय झालं ते सांगायचंय, पण त्याआधी चटईवरचं सांगते. तू म्हणशील मी तिथेच तर होते. होतीस, पण तू सारा वेळ खाली चटईच्या विणीकडे बघत होतीस. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते.

सकाळचं आयोगाचं काम मला आवडलं. त्या बाई किती गोड बोलतात, आणि केवढी ती वही. लिबोरियोने घरं जाळल्याचं सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन, कुठलं आधी, कुठलं नंतर. माझं नाव घेताना अडखळला. बाईंनी निवाडा दिला की त्याने दर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चचं छप्पर शाकारायचं. तेव्हा बेंविंदा उठून म्हणाली, "छप्पर घाल बाबा, पण काड्यापेटी बायकोकडे ठेवून येत जा." सगळे हसले. लिबोरियोही हसला आणि मग रडला. बाईंना कळेना आता काय लिहावं.

मग ती मंडळी जेवली, गाडीत बसून गेली. चटई तशीच होती. लेकीमाऊ म्हणाला, "जिवंतांचं झालं. आता मेलेल्यांचं."

त्याने तुला विचारलं, "अबिलियोच्या मुली, तुझ्या तोंडात कुणाचं पान आहे का?"

तू नाही म्हणालीस.

"मग विचार."

नोई, मी तुझ्यामागे बसले होते. तुझी पाठ बघत होते. किती वेळ गेला देव जाणे. लिबोरियोने दोन्ही हात चटईवर पालथे टेकले होते, जसे कुणी बांधायला यावं तसे पुढे केलेले. त्याची बायको तोंडात पदर धरून. सगळ्यांना ठाऊक होतं तू कुठे काम करतेस.

तू म्हणालीस, "कुठे?"

आणि तो म्हणाला, "माझ्या घरामागे. म्हैस बांधायचो तिथे."

मग सगळे थांबले. तू आणखी काही विचारशील म्हणून थांबले. लिबोरियो तुझ्याकडे बघत होता, नोई, त्याचं तोंड उघडं होतं. तू उठलीस, लेकीमाऊच्या हाताला ओठ लावलेस आणि माझ्या घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलीस. लेकीमाऊने चटई गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी तू थांबली नाहीस, बिसच पकडलीस. मी थांब म्हटलं नाही. तर ऐक.

सोमवारी खणलं. ती जागा, नोई, ते लोक पळून गेल्यापासून ओसाड होती. तिथे गवत चांगलं येतं, तर मी शेळीसाठी तिथलंच कापत होते. इतकी वर्षं. मी विळा घेऊन तुझ्या बाबाच्या डोक्याशी बसायचे आणि भोपळ्याबद्दल, गुडघ्याबद्दल बडबडायचे. म्हणजे त्याला घरचं सगळं समजत होतं, नाही का? मला बरं वाटलं ते.

लिबोरियोने काठावर उभं राहून दाखवलं नाही. स्वतः खाली उतरला, शेवटची माती हाताने काढली. नीट ठेवलं होतं गं त्याला. डोकं डोंगराकडे, आपल्या रीतीने. चपला पायाशी, जोडीने. मी सगळं एक एक करून पुसलं आणि मी विणलेल्या कापडात घेतलं. मनगटाशी तार होती. ती मी सोडवली आणि ओढ्यात टाकून दिली. जड होती.

आता तो तुझ्या आईशेजारी आहे. माझं काळ्याचं वर्ष सुरू झालं. मी खुशीत आहे, नोई, खरंच आहे. तू क्षमा केलीस हे सगळ्या गावाने बघितलं. लेकीमाऊ म्हणतो, पोरीने मोठं काम केलं. आणि ज्याने मारलं तो असं नीट ठेवील का, सांग बरं?

तुझी अवो

डिली, ५ ऑक्टोबर २००३

अवो,

तुझ्या हाताला ओठ लावते.

बाबा आईशेजारी आहे, हे वाचल्यावर मी कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. बरं वाटलं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुला वाटायला नको की मला ते नको होतं.

पण गावाला सांग, मी क्षमा केली नाही.

मी एकच विचारलं, कारण दुसरं विचारलं असतं तर तुला तो मिळाला नसता. तेवढंच. मोठं काम वगैरे काही नाही. तो तोंड उघडून बसला होता हे मलाही दिसलं, मी विणीकडे बघत होते तरी दिसलं. त्याला सांगायचं होतं. सांगून मोकळं व्हायचं होतं त्याला. मी त्याला मोकळं होऊ दिलं नाही, हेही त्यात होतं. हे लिहायला बरं वाटत नाही.

परत आल्यावर मी साहेबाला सगळं सांगितलं. वडील कुठे आहेत ते कळलं, कुणी सांगितलं तेही. त्याने चष्मा काढला. म्हणाला, "कुणी मारलं ते कळलं का?" मी म्हटलं, "मी विचारलं नाही." वाईट माणूस नाही तो, त्याच्या देशात त्याला लहान मुली आहेत. मग म्हणाला, "तिकडे पाठवायला माझ्याकडे माणूस नाही. माती द्या त्यांना." तोवर तू दिलीच होतीस. तारेबद्दल तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तीही सांगितली पाहिजे, आणि उद्या सांगेन. तो काय करील असं मला वाटतं? पुन्हा चष्मा काढील.

नीट ठेवलं होतं म्हणून त्याने मारलं नसेल, असं तू म्हणतेस. अवो, मी मारणाऱ्यांचंही भाषांतर करते. "मी त्याला मारलं आणि मग डोळे मिटवले, कारण तो माझ्या ओळखीचा होता." हे मी माझ्या तोंडाने बोलले आहे, एकदा नाही. तसंच असेल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते.

लेकीमाऊ आजोबांनी चटई गुंडाळली ती तुझ्यासाठी. मी अजून त्याचं पान खाल्लेलं नाही. म्हणजे माझा विचारायचा हक्क शाबूत आहे ना? त्यांना विचारून कळव. आज मात्र माझ्यात काही विचारायचा दम नाही. ही कचेरी बंद झाली, माझी शपथ संपली, की मग बघू. किंवा त्याआधी. किंवा कधीच नाही.

जेवते आहे. काळजी करू नकोस.

नोई

ऐ-मेआ, ६ नोव्हेंबर २००३

माझ्या नोईला,

अवोचे मुके. मेलेल्यांचा दिवस झाला. इतकी वर्षं मी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाशी फुलं ठेवत होते, ज्यांची माणसं सापडली नाहीत त्या सगळ्याजणींबरोबर. तिथे फार दाटी होते, कुणाच्या मेणबत्तीने कुणाचा पदर पेटतो. यंदा मी दाटीत गेले नाही. आपल्या जागेवर गेले. पाकळ्या पसरल्या, मेणबत्त्या लावल्या, एक तुझ्या नावाची. क्रुसाशी अजून उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली. खुशी अशी सगळ्यांसमोर मिरवता येत नाही.

तुझं पत्र मी लेकीमाऊला वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "हक्क तिचाच आहे. तिला हवे तेवढे दिवस." साखर मागितली नाही त्या दिवशी.

गावालाही सांगितलं, तू क्षमा केली नाहीस म्हणून. पाण्यावर सांगितलं, म्हणजे सगळ्यांना पोचलं. बेंविंदा म्हणाली, "शहाणी आहे पोर." तारेचं तू साहेबाला सांगितलंस का, आणि तो काय म्हणाला? मला धरून न्यायला येणार असतील तर आधी कळव, मी अंगण झाडून ठेवते.

लिबोरियोला मी स्वतः सांगितलं. चर्चच्या छपरावर होता, खाली बोलावलं. म्हटलं, नोईचं पत्र आलंय, तिने अजून विचारायचं ठेवलंय. त्याच्या हातात गवताची पेंढी होती, ती तशीच धरून उभा राहिला. म्हणाला, "कधी विचारणार?"

मी म्हटलं, "तिची ती ठरवील."

"पण अवो, विचारणार ना?"

मी त्याची शिडी धरली. तो परत वर चढला. छप्पर नीट घालतो, एक थेंब गळत नाही. बायको सांगते, बिस आली की हातातलं काम टाकून रस्त्याकडे जातो, कोण उतरतं ते बघतो आणि परत येतो. तिच्या भावाने बोलावलंय त्यांना, पलीकडे, जमीन देतो म्हणतो. हा जात नाही. ती माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, तुम्ही तरी त्याला सांगा. मी काय सांगणार? माझ्या तोंडात त्याचं पान आहे.

तू ये नाहीतर येऊ नकोस, मी तुला ओढणार नाही. आलीस तर तो घरीच असतो.

तुझी अवो